नावाखालची रेघ

‘थ्री हेरिंग्ज’मध्ये एडना थर्लो पहिल्यांदाच पाहुणी म्हणून आली होती. पन्नास वर्षं तिनं हा पब चालवला, याच दारातून तर्र झालेल्यांना बखोटीला धरून बाहेर काढलं. आता पबचं घर झालं होतं आणि नव्या मालकिणीनं, पिपानं, तिला चहाला बोलावलं होतं.

पिपा हौसेनं घर दाखवत होती. बिअरच्या काउंटरचा स्वयंपाकाचा ओटा झाला होता, पिंपांच्या तळघरात सिनेमाचा पडदा लागला होता. पाचशे वर्षांचा ओकचा सांगाडा तेवढा जागेवर होता, पण त्याची काजळी खरवडून टाकलेली. खांब सोललेल्या बटाट्यासारखे पांढरेफटक दिसत होते.

“बिअरचा वास जाता जाईना, मिसेस थर्लो. तुम्ही कसा सहन केलात हो?”

“त्याच वासावर पोट भरलं,” एडना म्हणाली. तिचं लक्ष शेकोटीवरच्या आडव्या तुळईकडे होतं.

गावातला पोरगा पहिल्यांदा मासेमारीला निघाला, की त्या तुळईवर चाकूनं नाव कोरायचा. परत आला, की पहिला घोट घेण्याआधी नावाखाली रेघ ओढायचा. एडनाच्या मुलानं, कॉलिननं नाव कोरलं, त्याला सेहेचाळीस वर्षं झाली. त्याचा ट्रॉलर परत आला नाही. पब बंद होईपर्यंत रोज सकाळी तुळई पुसताना एडना त्याच्या नावाखालच्या कोऱ्या जागेवर अंगठा फिरवायची. जागा कोरी होती, तोवर वाट पाहता येत होती.

आज तिथं रेघ होती. ठसठशीत, पट्टी लावून मारलेली.

“दिसलं ना?” पिपा खूश झाली. “काही नावांखाली रेघ, काहींखाली नाही, कसंतरीच दिसायचं. सुताराकडून सगळ्यांना मारून घेतली. आमच्या फीलिक्सचंही नाव घातलंय बघा, रेघेसकट, त्या टोकाला. शिडाच्या बोटीनं अटलांटिक पार करतोय कार्टा. नाताळला येईल.”

एडनाला वाटलं, हातातला कप हिच्या तोंडावर फेकावा. तिनं तो हळूच बशीत ठेवला.

“पण या रेघांना काही अर्थ होता का हो?”

खरं सांगितलं असतं, तर पिपा दोन मिनिटं हळहळली असती आणि मग तिनं केक कापला असता.

एडनानं तिचा हात हातात घेतला. “होता ना, पोरी. जो परत येणार नाही, त्याच्याच नावाखाली ओढायचे.”

पिपा हसली. मग तिनं एडनाच्या तोंडाकडे पाहिलं आणि तिचं हसू मावळलं.

“घासून निघेल ना ती?”

“ओक आहे. पाचशे वर्षं हलला नाही.”

एडनानं स्वतःच केक कापून घेतला. तुळईजवळ पिपाचा अंगठा फीलिक्सच्या नावाखाली पुढंमागं फिरत होता.