भिंतीतला पाइप

“पोरी, सांडपाण्याचा पाइप दाखवायला आणलंस होय?” सरपंचकाका हसले.

शंभर वर्षांच्या या बंद शाळेवर उद्या सकाळी जेसीबी चालणार होता. ती वाचवण्याजोगं काही दाखवायला मला फक्त आजची रात्र मिळाली होती.

“पाइपाचा उतार आत आहे, काका. पाणी वर्गात आलं असतं.”

उत्तरेच्या भिंतीतल्या त्या पाइपाचा कोन मी दुपारी मोजला होता. अठरा अंश, आमच्या गावाच्या अक्षांशाइतकाच.

काकांनी डोळा लावला. “काळोख आहे गं.”

मग मी काठी घालून आतलं कुंभारीण माशीचं मातीचं घर पाडलं.

काका पुन्हा वाकले, ते उठेचनात.

“एक तारा दिसतोय.”

“ध्रुव. आपल्या गावातून तो अठरा अंशांवरच दिसतो, म्हणून पाइप तसा बसवलाय. तासाभरानं बघा, तिथंच असेल.”

तासाभरानं पाइपाला डोळा लावूनच त्यांनी ग्रामपंचायतीच्या शिपायाला फोन केला. “तुळशीराम, जेसीबी नको. पोरांना घेऊन ये.”