कडुबाचा हात

विशाखाच्या बाबांचे जुने सोबती मोतीराम काका खुर्चीच्या कडेवर अवघडून बसले होते. वाळूजच्या एका कारखान्यात प्रेस मशीनखाली उजव्या हाताची दोन बोटं गेल्यापासून त्यांना माउस धरवत नव्हता. मालकानं गेटवर कॉम्प्युटरचं काम देऊ केलं होतं. जमलं तर सोमवारपासून, नाही तर घरी.

विशाखानं बाबांचा कॉम्प्युटर चालू केला. पडद्याखालची काळी पट्टी हवेतला हात बघायची आणि पडद्यावरचा बाण तसा हलायचा. बाबांची बोटं आखडली तेव्हा तिच्या भावानं, प्रणयनं ही पट्टी बसवली होती. बाबा गेले, त्यांचं पुण्यानुमोदन होऊन आठवडा झाला होता. पट्टी काकांना द्यायची, हे तिनंच ठरवलं होतं.

प्रणयनं फोनवर सांगितलं, आधी पट्टीतला जुना हात, म्हणजे बाबांच्या खुणा, पुसायचा, मग नवा शिकवायचा. पडद्यावर बाबांच्या नावानं प्रश्न उमटला: ‘कडुबा’ हा हात कायमचा काढून टाकायचा?

ती बघत राहिली. बाबांचे कपडे वाटून झाले होते, पलंग भिंतीला उभा केला होता. त्या सगळ्याला तिचा हात अडला नव्हता.

“काय झालं गं पोरी?” काकांनी विचारलं.

तिनं सांगितलं.

काका पडद्याकडं वाकले. मग म्हणाले, “बटण दाबायच्या जागी काय करायचा त्यो?”

“तंबाखू मळल्यासारखं.”

तोंडाच्या ऑपरेशननंतर बाबांची तंबाखू बंद झाली होती, पण अंगठ्याला दुसरी कुठली खूण जमेना. शेवटी पट्टीला मळण्याचीच खूण शिकवली. प्रणय हसला होता. विशाखा मात्र दिवसभर बाबांशी बोलली नव्हती.

“मंग पुसती कशाला?” काका म्हणाले. “मळायला म्याच शिकवलं कडुबाला.”

तिनं ‘नाही’वर बोट ठेवलं. काकांनी डावा तळहात पट्टीसमोर धरला आणि उजवा अंगठा त्यावर सावकाश फिरवला. फोल्डर उघडला. पुन्हा फिरवला, दुसरा उघडला.

“आलं की,” काका म्हणाले, पण अंगठा थांबला नाही. मळून झाल्यावर त्यांनी तळहातावर दोन थापा मारल्या, फुंकर घातली, आणि स्वतः घेण्याआधी शेजाऱ्यापुढं करतात तसा हात बाजूला केला.

बाजूला विशाखा होती. काकांची नजर पडद्यावरच होती.

तिनं त्या रिकाम्या तळहातावरची चिमूट उचलली.