न भिणाऱ्या जातीचा

"चीफ, आज तू दोर न लावता चालायचंस," मुकादम ब्रॅनिगन म्हणाला. "मालक पाहुणे घेऊन येतायत. त्यांना मोहॉक माणूस बघायचाय."

सेफेरिनोच्या हातातला पाना निसटता निसटता राहिला. त्याने मान डोलावली. मान डोलावण्यावरच त्याची नोकरी चालली होती.

शिकागोतल्या या इमारतीवर तो लागला, तोही मान डोलावूनच. मेक्सिकोहून आलेल्यांना ब्रॅनिगन फार तर झाडू द्यायचा. आळशी लोक, दुपार झाली की आडवे, असं त्याचं मत होतं, आणि ब्रॅनिगनचं मत म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. पण रांगेत उभ्या सेफेरिनोचा रुंद, तांबूस चेहरा पाहून त्याने विचारलं होतं, "मोहॉक का रे?" घरी बायको युलालियाचे दिवस भरत आले होते. सेफेरिनोने मान डोलावली.

मोहॉक या तिथल्या आदिवासी जमातीला उंचीचं भय जन्मतःच नसतं, हेही ब्रॅनिगनचं एक मत. त्याने सेफेरिनोचं नाव 'चीफ' ठेवलं आणि त्याला थेट वर, लोखंडी गर्डरांवर धाडलं.

तेव्हापासून सेफेरिनो रोज मरत होता. शिडीला हात लावला की तळवे घामाने भिजायचे. कमरेचा दोर खांबाला अडकवला की कुठे जरा जिवात जीव येई. त्याच्या खेड्यात सगळ्यात उंच काही असेल तर चर्चची घंटा, आणि तीही त्याने खालूनच पाहिली होती. डब्यात तो टॉर्टिया, म्हणजे घरच्या मक्याच्या पोळ्या, नेत नसे. कुणी पाहिल्या तर बिंग फुटायचं. घशाखाली न उतरणारा पाव तो मुकाट्याने चावत बसे.

आणि दुसरी भीती होती डिलाइलची.

डिलाइल खाली क्रेनला गर्डर अडकवून द्यायचा. पन्नाशीकडे झुकलेला, घाऱ्या डोळ्यांचा, मोजकं बोलणारा माणूस. कॅनडातल्या फ्रेंच बोलणाऱ्या मॉन्ट्रियलकडचा, म्हणून सगळे त्याला 'फ्रेंची' म्हणत. पहिल्या मजल्याच्या वर तो कधी गेला नव्हता. "अरे भागूबाई," टोळीतले वरून ओरडायचे, "घरी बल्ब कोण बदलतं, तू की बायको?" डिलाइल हसून सोडून द्यायचा.

या भागूबाईलाच सेफेरिनो सगळ्यात जास्त घाबरायचा. मोहॉकांचं काहनवागे गाव मॉन्ट्रियलला लागूनच, नदीच्या पलीकडे. फ्रेंचीला तिथलं सगळं ठाऊक असणार. आणि तो सेफेरिनोकडे सारखा टक लावून बघत असे.

आज तर तो शिडीपाशी आडवाच आला.

"काहनवागेत कुणाचा रे तू?"

"तिथलाच."

"तिथलाच म्हणजे? घराण्याला नाव असेल की काही."

"तुला कशाला नसत्या चौकशा, फ्रेंची?"

"वर जाऊ नकोस," डिलाइल हळू आवाजात म्हणाला. "दोराशिवाय तर मुळीच नको. ब्रॅनिगनला खरं काय ते सांगून टाक."

"कसलं खरं?"

"तू नाही सांगणार, तर मी सांगतो."

चोरी पकडली गेली होती. आता लवकरात लवकर वर जाऊन चालून दाखवायचं. एकदा मालकाने डोळ्यांनी पाहिलं की या फ्रेंचीच्या चहाड्या कोण ऐकतो! त्याने डिलाइलला ढकललं आणि शिडी धरली.

"बघा, बघा!" खालून ब्रॅनिगन पाहुण्यांना सांगत होता. "आईच्या पोटातूनच शिकून येतात हे लोक!"

पाहुण्यांना मोकळं दिसावं म्हणून सगळ्या टोळीला खाली उतरवलं होतं. वर सेफेरिनो एकटाच. समोर गर्डर, त्याच्या दोन्ही बाजूंना काही नाही. शहराला लागून असलेल्या मोठ्या तळ्याकडून वारा येत होता. त्याने पाऊल टाकलं. मग दुसरं. मध्यावर पोहोचेपर्यंत ठीक होतं. मग वाऱ्याचा झोत आला आणि त्याची नजर खाली गेली.

तो बसला, मग पालथा पडला आणि दोन्ही हातांनी त्याने गर्डरला मिठी मारली. लोखंड गालाला गार लागत होतं. ग्वादालुपेच्या मातेची प्रार्थना त्याला लहानपणापासून पाठ होती, पण एक शब्द आठवेना.

"चीफ! नाटकं पुरे! ऊठ!"

उठणं सोडाच, त्याला बोटही हलवता येत नव्हतं. खालची हसण्याची लाट थांबली. कुणीतरी बाई किंचाळली. त्याने डोळे घट्ट मिटले. आपण पडणार, आणि आपल्या बाळाला कुणीतरी सांगणार की तुझा बाप मोहॉक होता, एवढंच त्याच्या मनात येत राहिलं.

किती वेळ गेला कोण जाणे. मग गर्डर थरथरला. कुणीतरी त्यावर आलं होतं.

सेफेरिनोने डोळे उघडले. गर्डरच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून, बसल्या बसल्या इंच इंच सरकत डिलाइल येत होता. खांद्यावर दोर होता, तोंड चुन्यासारखं पांढरंफटक पडलं होतं, दात एकमेकांवर वाजत होते.

"फ्रेंची? तू?"

"बोलू नकोस. बोललास तर मी पडेन."

त्याने सेफेरिनोच्या कमरेला दोर गुंडाळला. गाठ पुन्हा पुन्हा सुटत होती. शेवटी बसली. दोघंही तसेच धापा टाकत पडून राहिले.

"सांगितलंस ना त्याला?" सेफेरिनोने विचारलं.

"सांगितलं."

"मग संपलंच. बायको बाळंतपणाला टेकलीय, आणि मी मोहॉक नाही हे मुकादमाला कळलं."

"तुझ्याबद्दल एक अक्षर बोललो नाही मी."

"मग काय सांगितलंस?"

"माझं. की मी कसला फ्रेंच, काहनवागेचा मोहॉक आहे मी, आणि आम्हीही घाबरतो. मला तर शिडीचीसुद्धा भीती वाटते." डिलाइलने गर्डर आणखी घट्ट धरला. "तो म्हणाला, मग उद्यापासून तूही वर."