तोरगोयचे दहा सामने

नूरझादाने मुद्दाम चुकीचा दरवाजा उघडला आणि तिसऱ्यांदा मेली.

नीट खेळण्यापेक्षा वाईट खेळणंच जड जातं, हे तिला आत्ता कळत होतं. नऊ वर्षांची सवय बोटांना. ती बोटं आवरता आवरता नाकी नऊ येत होते. तेवढ्यात पडद्यावर कॅप्टनचा मजकूर आला.

'काही हरकत नाही बाळा. दार उघडण्याआधी कान देऊन ऐकायचं. चल, पुन्हा.'

नूरझादाचे डोळे भरून आले. बेकतुर बाइके परत आले होते.

'तुलपार' ही त्यांची टोळी. एकेकाळी या गेममध्ये तिचं नाव काढलं की भल्याभल्यांची पाचावर धारण बसायची. कॅप्टन बेकतुर बाइके, म्हणजे बेकतुरदादा, किर्गिझस्तानातल्या काराकोलचे, नूरझादा बिश्केकमध्ये औषधांच्या दुकानात. ऑक्टोबरात बाइकेंना झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली, आणि टोळी पांगली. फोनवर त्यांची बायको झिपार एजे, म्हणजे झिपारताई, भेटायची.

"खातात का?"

"दोन घास. भिंतीकडे तोंड करून पडतात गं. डॉक्टर म्हणतात, औषध मी देईन, पण जगायचं त्यांनाच हवं ना?"

हे ऐकल्यावर नूरझादाला राहवेना. बाइकेंचा जीव कशात होता ते तिला ठाऊक होतं. तुलपारमध्ये नवखा आला की त्याचे पहिले दहा सामने खुद्द कॅप्टनने बघायचे, लिहून सांगायचं, आणि त्या दहा सामन्यांत त्याच्यावर कुणी ओरडायचं नाही, हा नियम. पण गेम जुना झालेला. वर्षभरात कुणी नवीन फिरकलंच नव्हतं. मग तिने 'तोरगोय' असं नवं नाव घेतलं आणि टोळीच्या दारात उभी राहिली. 'मला काही येत नाही. शिकवाल का?'

दोन दिवस उत्तर नाही. तिसऱ्या दिवशी एकच शब्द आला. 'ये.'

डाव्या हाताने टाइप करत असतील, तिने मनाशी म्हटलं.

आठवड्याने तिने फोन केला तेव्हा झिपार एजेचा आवाजच वेगळा होता. "अगं, त्या गेमचा आवाज आला की मान वळवतात. काल हसले. वाटीभर शोरपोचा रस्सा संपवला!" नूरझादा दुकानातल्या खोक्यांच्या आड जाऊन मनसोक्त रडली.

आजाराने माणूस मवाळ झाला होता, यात शंका नाही. पूर्वीचे बाइके दहा सामन्यांचा नियम पाळायचे आणि अकराव्यात 'डोळे आहेत की खाचा?' म्हणून सगळं वसूल करायचे. आता ते 'जेवलास का?' विचारायचे. तोरगोय मुलगा आहे असं त्यांनी धरून चाललं होतं. तिनेही ते तसंच राहू दिलं.

चौथ्या सामन्यात ती घसरलीच. चौकातल्या विहिरीला टोळीत 'सासूबाई' म्हणत, कारण तिच्या तावडीत सापडलेला सुटत नसे. हे नाव नवख्याला कुठून ठाऊक असणार? पण घाईत तिने लिहून टाकलं, 'सासूबाईंपाशी दोघे आहेत.' आणि जीभ चावली. बाइके तर एका शब्दावरून माणूस ओळखणारे.

'शाबास,' उत्तर आलं. 'छान बघितलंस.'

तिने सुटकेचा निःश्वास टाकला, पण बाइकेंच्या नजरेतून एवढं सुटावं याचं जरा वाईटही वाटलं.

पुढे त्यांनी शिकवायची तऱ्हाच बदलली. सांगण्याऐवजी विचारू लागले. 'इथून तू कुठे जाशील? का? आणि मागून कुणी आलं तर?' काय पण गुरू, तिला वाटलं. नवख्याच्याच तोंडून काढून घेतात. तीही अंदाज केल्यासारखं दाखवत सगळं सविस्तर लिहायची.

मध्यंतरी आणखी दोन नवखे आले, बोरसुक आणि कामची. बोरसुक तर इमानेइतबारे दर सामन्यात विहिरीत पडायचा. खरे नवखे आलेले पाहून नूरझादाला फार बरं वाटलं. आता आपण नसलो तरी चालेल.

तिघांचे दहा दहा सामने झाले आणि निरोप आला. 'नोरुजच्या सणाला घरी या.' हीही तुलपारची रीत. दहा झाले की नवख्याने कॅप्टनच्या घरची रोटी मोडायची.

आता कबूल करणं भाग होतं. सहा तासांच्या प्रवासात तिने माफीची वाक्यं शंभरदा घोकली. फाटकाशी पोचली तर तिथे सामात आणि मेदेर उभे. दोघंही टोळीतले जुने गडी, चेहरे चोरासारखे.

"तू कशी इथे?" सामात म्हणाला.

"तू कसा?"

सामातने मान खाली घातली. "बोरसुक मीच."

"कामची," मेदेर पुटपुटला.

"तोरगोय," नूरझादा म्हणाली, आणि तिघंही फाटकाला धरून पोट दुखेपर्यंत हसली.

"म्हणजे एकही नवखा नाही?" मेदेरने डोळे पुसले. "बाइके सोलून काढतील."

"शिव्या देण्याइतकी वाचा परत आली तर दंडवत घालीन," सामात म्हणाला.

आत बेकतुर बाइके खिडकीशी उशांना टेकून बसले होते. समोर गेम चालू होता. तिघांना बघून त्यांचा अर्धा चेहरा उजळला. नूरझादाने त्यांचा हात धरला आणि घोकलेलं सगळं विसरली.

शेवटी सामातच गुडघ्यावर बसला. "बाइके, चुकलो. ते तिघे नवखे आम्हीच होतो. तुम्ही लिहीत राहावं, शिकवत राहावं, एवढंच मनात होतं."

बाइके नुसते हसत राहिले. चहा घेऊन आलेली झिपार एजे मात्र दारातच थबकली.

"म्हणजे तुम्हाला सगळं येत होतं?"

"हो, एजे."

तिने किटली खाली ठेवली आणि मटकन बसली.

"अगं बाई! ह्यांना तर ऑक्टोबरपासून अक्षरच ओळखू येत नाही. मी रोज पहाटे चारला उठून तो गेम शिकत होते, तुम्हा पोरांना नीट शिकवता यावं म्हणून."