मोंढ्यातला प्रोग्राम

लातूर जिल्हा नवा असताना, दुष्काळाच्या साली, माणिकप्पांनी मोंढ्यातल्या, म्हणजे धान्यबाजारातल्या, आवकेसाठी कॉम्प्युटरचा प्रोग्राम लिहिला. पुढं एका व्यापाऱ्यानं तो उचलून स्वतःच्या नावानं गावोगाव विकला. कॉपीराइटचा दावा कोर्टात उभा राहिला. माणिकप्पांनी न्यायाधीशांसमोर त्या व्यापाऱ्याच्याच कॉम्प्युटरवर तो प्रोग्राम चालू करून तीन बटणं एकदम दाबली. पडद्यावर ओळ उमटली, 'शांतम्मा, टँकर आला.'

"हे काय आहे?" न्यायाधीशांनी विचारलं.

"तवा लग्न नवं व्हतं, साहेब. टँकर आला की मी खिडकीतून बायकोला अशीच हाक मारायचो. गमतीनं तीच आत लिहून ठेवली."

दावा माणिकप्पा जिंकले. बाहेर आल्यावर वकील म्हणाले, "आता चोरीच्या सगळ्या प्रती पुसायला लावू."

"पुसू नका, वकीलसाहेब. शांतम्मा गेली. पण एवढ्या गावांत तिला अजून हाक हाय."