दहावी गाय

दुधाच्या सरकारी अनुदानाला गोठ्यात निदान दहा दुभत्या गाई लागत आणि वाटणीत दोघा भावांच्या वाट्याला नऊ-नऊच आल्या होत्या. तेव्हापासून भावांचा अबोला होता. जावांचा मात्र नव्हता. त्यांनी परस्पर ठरवलं आणि तपासणीच्या दिवशी धाकट्याची तांबू सकाळीच थोरल्याच्या गोठ्यात येऊन उभी राहिली. सगळ्या गाईंच्या कानातले बिल्ले अजून वडिलांच्याच नावाचे, त्यामुळे तिकडून धोका नव्हता.

साहेबांनी गाई मोजल्या आणि नेमकं तांबूकडे बोट दाखवलं. "हिची धार काढा बघू."

थोरला बादली घेऊन बसला. कास धुतली, पाठ थोपटली, चुचकारलं. पण तांबूने पान्हा चोरला तो चोरलाच.

"भाकड दिसते," म्हणत साहेबांनी पेन काढलं.

तेवढ्यात भिंतीपलीकडून धाकटा आला. थोरल्याच्या हातातली बादली घेऊन तो खाली बसला, तांबूच्या कासेला हात लावला आणि बादलीत धारा वाजू लागल्या.

"हे कोण?" साहेबांनी विचारलं.

थोरला म्हणाला, "आमचा गडी आहे, साहेब."

धाकट्याने मान वर केली नाही. दहा गाई लिहून साहेब गेले, तेव्हा तो उठला, भरलेली बादली थोरल्याच्या हातात दिली आणि वाटणीनंतर पहिल्यांदाच त्याच्याशी बोलला.

"दादा, उद्या दुसरे साहेब माझ्याकडे येतायत. तुझी ढवळी नेणार आहे, पण ती मला जवळ उभं करत नाही. गड्याचे कपडे घालून वेळेवर ये."