नजर हटली की चहा

“हटली! नजर हटली!” शिंपी खुर्चीतून अर्धा उठला आणि धाकट्या भावाच्या पाठीत थाप मारून म्हणाला, “ऊठ, चहा टाक.”

धाकटा तोंड पाडून उठला. पडद्यावर एका जपानी बाईची कातडी खांद्यापासून मनगटापर्यंत सुटून आली होती, आणि तिचा नवरा ती अलगद घडी घालून लाकडी पेटीत ठेवत होता. रविवारची दुपार होती. दुकानामागच्या खोलीचे पडदे ओढलेले होते, कोपऱ्यात इस्त्री गार पडली होती. खेळाचा नियम एकच होता. सिनेमा चालू असताना ज्याची नजर हटेल, त्याने सगळ्यांसाठी चहा करायचा. दर रविवारी धाकटाच हरायचा. शिंपी आजवर एकदाही हरला नव्हता.

“वहिनी, तुम्हाला तरी कसं बघवतं हे?” स्वयंपाकघराच्या दारातून धाकट्याने विचारलं.

“सवय झाली, भाऊजी.”

शिंप्याला जपानी भयपटांचं हे वेड जुनंच. इतरांचे भयपट त्याला पोरकट वाटत. पावडर फासलेली भुतं, करकरणारी दारं, त्यात काय भ्यायचं? “हे लोक माणूसच उसवून दाखवतात,” तो गिऱ्हाइकांनाही सांगायचा. “आपण सगळे चार टाक्यांवर उभे आहोत, बघा. पण ते बघायला छाती लागते!” सगळं रबर आणि साखरेचा पाक असतो हे त्याला पक्कं ठाऊक होतं. रबराचा जोड कुठे आहे तेही तो बोट ठेवून दाखवायचा. तरी दर वेळी त्याचे डोळे चमकायचे.

दोन वर्षांपूर्वी शिंप्याची बायको कामाला जायची त्या धुलाईच्या कारखान्यात वाफेचा नळ फुटला. तिची गळ्यापासून कमरेपर्यंतची कातडी गेली. नवी आली ती ओढलेली, सुरकुतलेली, लालसर. दवाखान्यात नर्सने चादर उचलली की शिंपी खिडकीशी जाऊन रस्त्यावरच्या गाड्या बघत बसायचा. तिला वाटलं, बिचाऱ्याला सोसत नाही, घरी गेल्यावर होईल सगळं नीट. घरी आल्यावर तो दिवा मालवून कुशीवर वळायला लागला. मधल्या काळात त्याने तिच्यासाठी बंद गळ्याचे सहा कपडे शिवले, अगदी मन लावून. वहीतल्या जुन्या मापावर. ते छातीशी काचायचे. ती मूग गिळून घालत राहिली.

मग एका रविवारी ती इस्त्रीचे कपडे न्यायला खोलीत आली आणि दारातच थबकली. पडद्यावर एका बाईची तिच्यासारखीच बिघडलेली कातडी होती, आणि कॅमेरा मागे सरत नव्हता. दहा मिनिटं ती बाई डोळ्यांसमोर होती. तिला त्या बाईचा चक्क हेवा वाटला. मग तिने नवऱ्याकडे बघितलं. तो पुढे झुकला होता, ओठ किंचित उघडे. लग्नाआधी पहिल्यांदा तिच्याभोवती टेप धरला आणि आकडा वाचायचाच विसरला, तेव्हा त्याचा चेहरा असाच होता. हा माणूस सराव करतोय, तिला वाटलं. आपल्यासाठी छाती घट्ट करतोय.

त्या दिवसापासून ती दर रविवारी त्यांच्यात येऊन बसू लागली. आजचा अकरावा रविवार. पडदा ती थोडाच बघायची, बघायची ती त्याला. नियमाने तीच सगळ्यात आधी हरायला हवी होती. पण तिच्याकडे बघतंय कोण?

धाकट्याने चहा आणला, घाईघाईने आपला कप रिकामा केला आणि काहीतरी काम काढून तो सटकला. सिनेमा पुढे सरकला. शेवटी त्या बाईच्या अंगावर कातडी म्हणून उरलीच नाही, आणि नवरा तिच्यासमोर गुडघे टेकून बसला. शिंप्याची पापणी लवली नाही. तिने रिमोट उचलला आणि चित्र तिथेच थांबवलं.

“अगं, ऐन वेळेला!”

“अहो, माझं माप घ्याल?”

“आत्ता? वहीत आहे की.”

“ते जुनं झालंय.”

ती उठली. खिडकीचा पडदा तिने बाजूला सारला. ऊन थेट खोलीत आलं. त्याच्यासमोर उभी राहून तिने वरचं बटण काढलं, मग दुसरं. सातही बटणं निघाली. दोन्ही बाजू तिने स्वतःच्या हातांनी दूर धरल्या. दोन वर्षांत पहिल्यांदाच त्या कातडीवर घरातलं ऊन पडलं होतं.

शिंप्याने टेप शोधला. तो त्याच्या गळ्यातच होता. मग त्याने कात्रीकडे पाहिलं, मशीनकडे पाहिलं, दाराच्या कडीकडे पाहिलं. “ऊन फार येतंय गं,” तो पुटपुटला. कुठेच थारा मिळेना, तेव्हा त्याची नजर पडद्यावर गेली आणि त्या सोललेल्या बाईवर जाऊन स्थिरावली. त्याचा जीव भांड्यात पडल्यासारखा दिसला.

तिने वाट पाहिली. घोटभर चहा गार व्हावा इतकी. मग खालून एकेक करत सातही बटणं लावली, त्याच्या पुढ्यातला रिकामा कप उचलून त्याच्या हातात दिला आणि म्हणाली, “नजर हटली तुमची. चहा टाका.”